वाराय कलेचा जोडीदार कुठे गेला?

दरवर्षी जून संपता संपता फिलिपाइन्समधल्या ताक्लोबान शहरात मोठा उत्सव भरतो. अंगावर गोंदणासारख्या काळ्या-निळ्या रेघा रंगवलेली मुलंमुली ढोलाच्या तालावर रस्त्याने नाचत जातात, परीक्षक गुण देतात, पहिल्या आलेल्या पथकाला बक्षीस मिळतं. त्याबरोबर एक जुना वादही पुन्हा पेटतो. एक बाजू अभिमानाने सांगते की इथल्या वाराय माणसाच्या रक्तातच कला आहे, जगाने आता तरी ती ओळखावी. दुसरी बाजू म्हणते, कसली कला? हा पिंतादोस उत्सव सुरूच झाला १९८७ मध्ये, पोशाख दरवर्षी नवे शिवलेले, नाच कवायतीसारखा बसवलेला. यात पूर्वजांचं काय उरलंय? दोन्ही बाजू पोटतिडकीने बोलतात. पण एकीला कला रक्तात शोधायची आहे आणि दुसरीला ती जुनेपणात. या दोन्ही ठिकाणी ती सापडणार नाही, असं मला वाटतं.

माझं म्हणणं असं आहे: वाराय कला मुळापासून दोघांची कला आहे. कवितेला कवितेनेच उत्तर देणारा समोर बसलेला असतो. नाचात बाईच्या पावलाला पुरुषाचं पाऊल जबाब देतं आणि त्या जोडीला पाहुणे पैसे टाकून दाद देतात. चटई विणणारीला ती चटई कुणाच्या घरात अंथरली जाणार याचा अंदाज असतो. म्हणून वाराय कलेचं कौतुक करायचं असेल तर पहिली चौकशी या दुसऱ्या माणसाची करायला हवी. तो अजून आपल्या जागेवर आहे का? उत्तर द्यायला त्याच्याकडे भाषा आहे का, दाम द्यायला पैसे आहेत का, बसायला वेळ आहे का? हे न विचारता केलेलं कौतुक कितीही मनापासूनचं असलं तरी कलावंताला एकटं पाडतं.

थोडी ओळख करून देतो, कारण आपल्याकडे फिलिपाइन्सचं नाव निघतं ते तिकडे डॉक्टर व्हायला गेलेल्या मुलांमुळे किंवा जहाजावर सोबत काम करणाऱ्या खलाशांमुळे. समार बेट, लेते बेटाचा ईशान्य आणि पूर्व भाग आणि शेजारचं छोटं बिलिरान हा वाराय मुलूख. लोकसंख्या ४० लाखांच्या आसपास. पॅसिफिक महासागरातून येणारी वादळं आधी इथेच धडकतात. ८ नोव्हेंबर २०१३ च्या योलांदा वादळात, ज्याला बाहेरचं जग हैयान म्हणतं, समुद्र ताक्लोबान शहरात घुसला आणि अधिकृत आकड्याप्रमाणे सहा हजारांहून जास्त माणसं गेली. त्या दिवसांत जगाने वाराय लोकांना पाहिलं ते ढिगाऱ्यातून वाचलेली माणसं म्हणून. त्याआधी देशात त्यांची ओळख होती ती भांडखोर, कुणाला न घाबरणारी माणसं म्हणून. मनिलाच्या चित्रपटांनी आणि गाण्यांनी १९५० च्या दशकापासून ही प्रतिमा घरोघरी नेली: वाराय बाई म्हणजे कंबर कसून भांडणारी, वाराय पुरुष म्हणजे हातात कोयता घेतलेला.

या प्रतिमेची मुळं आणखी मागे जातात. २८ सप्टेंबर १९०१ ला समारमधल्या बालांगिगा गावाने अमेरिकी तुकडीवर हल्ला केला आणि ४८ अमेरिकी सैनिक मारले गेले. त्यावर जनरल जेकब स्मिथने समारचं ओसाड रान करून टाकण्याचा हुकूम दिला. चर्चच्या घंटा लुटीच्या खुणा म्हणून नेल्या गेल्या आणि थेट डिसेंबर २०१८ मध्ये परत आल्या. ज्यांनी गावं जाळली त्यांनीच या लोकांना रानटी आणि लढाऊ ठरवलं. म्हणून ‘आम्ही नुसते लढाऊ नाही, आम्ही कलावंतही आहोत’ हे वाराय मुलांचं म्हणणं मला समजतं. ज्याच्यावर शंभर वर्षं एकच शिक्का मारला गेला, त्याला दुसरी ओळख हवीशी वाटणारच. त्या भावनेला माझा विरोध नाही. विरोध आहे तो शिक्क्याच्या जागी दुसरा शिक्का बसवण्याला.

मराठी वाचकाला हे चटकन कळावं, कारण रक्तातल्या गुणांची भाषा आपण सोसलेली आहे. इंग्रजांनी लढाऊ जातींचा सिद्धांत मांडला आणि मराठा पलटणींचं कौतुक केलं. त्याच सिद्धांताने १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. १८१८ मध्ये कोरेगावला लढलेल्या शिपायांच्या नातवंडांना सांगण्यात आलं की लढणं तुमच्या रक्तात नाही. पुढे महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा तेच रक्त पुन्हा लढाऊ ठरलं. रक्तातला गुण म्हणून मिळालेली शाबासकी देणाऱ्याच्या हातात राहते. त्याला वाटेल तेव्हा तो ती काढून घेतो. कलेचंही तसंच होतं. ‘या लोकांना उपजतच नाचता येतं’ असं एकदा म्हटलं की त्यांना शिकवायला कुणी लागत नाही, सरावाला जागा लागत नाही आणि मेहनतीचे पैसेही द्यावे लागत नाहीत.

आणि हा दावा खरा तरी आहे का? गेल्या चार दशकांत ताक्लोबानच्या तरुणांना मातृभाषेत लिहायला लावण्यासाठी ज्यांनी सर्वांत जास्त कष्ट घेतले, त्यांत मर्ली आलुनान यांचं नाव मी आधी घेईन. त्या वाराय घरात जन्मलेल्या नाहीत, इलोइलो प्रांतातल्या आहेत. फिलिपाइन्स विद्यापीठाच्या ताक्लोबान महाविद्यालयात शिकवायला आल्या आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या मुलांना त्यांच्या घरच्या भाषेकडे वळवलं. बाहेरून आलेली बाई हे करू शकते आणि ताक्लोबानमध्येच जन्मलेला, पण शाळेत वाराय बोलल्याबद्दल ओरडा खाल्लेला मुलगा एक ओळ लिहू शकत नाही. मग कला रक्तात राहते की शिकवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसांत?

जुनी साक्ष काढू. फ्रान्सिस्को अल्सिना हा स्पॅनिश जेझुइट पाद्री समार-लेतेत तीस वर्षांहून जास्त राहिला आणि १६६८ मध्ये त्याने मध्य फिलिपाइन्सच्या बेटांवरच्या बिसाया लोकांचा मोठा इतिहास लिहिला. धर्मांतर करायला आलेला माणूस, त्यामुळे त्याला पुष्कळ गोष्टी सैतानी वाटल्या. पण कवितेपुढे तो थबकला. त्याने प्रकारांची नावं लिहून ठेवली: आंबाहान, हाया, कानोगोन, बिकल, बालाक, सिदाय. त्यातले बिकल आणि बालाक पाहा. बिकल म्हणजे दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांची उणीदुणी छंदात काढायची, तालात, आलटून पालटून, समोरचा निरुत्तर होईपर्यंत. बालाक म्हणजे स्त्री आणि पुरुष यांच्यातला प्रेमावरचा सवाल-जवाब. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याची आठवण येईल, पण इथे फड लागत नव्हता, बिदागी ठरलेली नव्हती. शेजारी शेजाऱ्याशी भांडण कवितेत भांडत होता. हाया आणि कानोगोन हे शोकाचे प्रकार. तिथेही गेलेल्या माणसाचं घर समोर असे. एकट्याने कागदावर लिहून ठेवलेली कविता या यादीत सापडत नाही.

लिपी बदलली, छापखाने आले, तरी हा स्वभाव टिकला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाराय वृत्तपत्रांत टोपणनावाने उपहासाच्या कविता छापल्या जात. गावातल्या कुणाला चिमटा काढलाय हे वाचणाऱ्याला कळायचं आणि उत्तरही यायचं. गावजत्रेत आधी हादी-हादी नावाची राजा-राणीची, ख्रिस्ती-मुस्लिम लढायांची पद्यनाटकं होत, मग झार्झुएला म्हणजे संगीत नाटक आलं. नॉर्बेर्तो रोमुआल्देस यांचं वाराय भाषेतलं पहिलं झार्झुएला १८९९ मध्ये लेतेतल्या तोलोसा गावात झालं. पालो गावचे इलुमिनादो लुसेंते यांनी ते शिखराला नेलं. लुसेंते राजकारणातही होते, कवीही होते, आणि त्यांच्या प्रहसनांत ताक्लोबानच्या लोकांना स्वतःची मोडकी स्पॅनिश, उसनी इंग्रजी आणि मिरवण्याची हौस ऐकू येई. प्रेक्षकाला आपलीच चेष्टा चालली आहे हे कळत होतं, म्हणून ते नाटक जिवंत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्रपटांनी झार्झुएला मोडलं. आपल्या संगीत रंगभूमीने बोलपटांच्या काळात काय सोसलं हे माहीत असलेल्याला अधिक सांगायला नको.

कविता मात्र मेली नाही, ती रेडिओवर गेली. ताक्लोबानच्या केंद्रावर श्रोत्यांनी पाठवलेले सिदाय, म्हणजे कविता, वाचून दाखवण्याचा कार्यक्रम होता. लिहिणारे कोण? शेतकरी, वकील, सरकारी कारकून, शिक्षक, विद्यार्थी. विषय कोणते? पीक, प्रेम, नगरपालिकेचा कारभार, दारुडा नवरा. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या कवितांना बराच काळ दारात उभं केलं नाही, कारण यमकं ठरलेली, भाव ओळखीचे. मला ती नावं ठेवणं अन्यायाचं वाटतं. दूरच्या खेड्यातल्या माणसाने लिहिलेली ओळ शहरातून वाचली जावी, आणि दुसऱ्या बेटावरच्या कुणीतरी ती ऐकून आपली ओळ पाठवावी, यापेक्षा कवितेचा वेगळा सन्मान काय असतो? अल्सिनाने पाहिलेला बिकल इथे समुद्र ओलांडून चालला होता.

आता नाचाकडे येतो, कारण वाद खरा तिथेच पेटतो. कुरात्सा हा वाराय लोकांचा नाच. लग्न असो, गावजत्रा असो, कुरात्सा झाल्याशिवाय समारंभ पुरा होत नाही. एक पुरुष, एक स्त्री. कोंबडा कोंबडीच्या मागे लागतो तसा पुरुष गिरक्या घेत जवळ जातो. बाई नजर खाली ठेवून, पावलं सरकवत, शेवटच्या क्षणी वळण घेऊन निसटते. सूर तंतुवाद्यांचे. ठराविक हालचाली असतात, पण क्रम बसवलेला नसतो. त्याने काय केलं ते पाहून ती ठरवते आणि तिचं पाहून तो. साठीच्या आजीने पंचविशीच्या पुतण्याला दमवलं की मांडव हसून हसून बेजार होतो. आणि मग येतो ‘गाला’. पाहुणे उठतात आणि नाचणाऱ्यांवर नोटा टाकतात, अंगाला टाचतात. लग्नात हा पैसा नवरा-नवरीचा. बाहेरच्या माणसाला हे ओंगळ वाटतं. नाचावर पैसे उधळणं म्हटलं की आपल्याही मनात भलतीच चित्रं येतात. पण इथे पैसे टाकणारा मालक नसतो. आज त्याने तुमच्या मुलीच्या लग्नात दिले, उद्या तुम्ही त्याच्या मुलाच्या लग्नात द्याल. नवा संसार उभा करायला सगळं गाव नाचाच्या निमित्ताने हातभार लावतं. कुरात्सातली दाद म्हणजे आहेर आहे.

रस्त्यावरच्या उत्सवात हाच नाच येतो तेव्हा काय होतं? साठ जोड्या एकाच वेळी एकच गिरकी घेतात. परीक्षकाला दुरून दिसावं म्हणून हात मोठे, पावलं मोठी. बाईने निसटायचं केव्हा हे आधीच ठरलेलं. नाचणारे उत्तम, मेहनत अफाट, पण त्याने काय केलं हे पाहायची तिला गरज उरलेली नाही. ज्या गोष्टीमुळे कुरात्सा कुरात्सा होता तीच वजा झाली.

इथे उत्सवाचे समर्थक मला अडवतील आणि त्यांचे मुद्दे हलके नाहीत. पहिला मुद्दा: या उत्सवामुळेच ताक्लोबानच्या पोरांना कळलं की स्पॅनिश लोक आपल्या पूर्वजांना पिंतादोस म्हणजे रंगवलेले म्हणत, त्यांची गोंदणं सोळाव्या शतकाच्या अखेरच्या बॉक्सर हस्तलिखितात चितारली आहेत आणि ती पराक्रमाने मिळवावी लागत. शाळेच्या पुस्तकाने हे शिकवलं नव्हतं. दुसरा: योलांदानंतर उद्ध्वस्त झालेल्या शहराला रस्त्यावर नाचताना पाहणं ही चैन नव्हती, ती गरज होती. तिसरा मुद्दा सर्वांत जड: मंचावर गेल्याने कला मरते म्हणता, मग तिनिक्लिंगचं काय? बांबूच्या आपटणाऱ्या काठ्यांतून उड्या मारण्याचा तो नाच लेतेचा मानला जातो, तिक्लिंग पक्ष्याच्या चालीवरून आलेला. फ्रान्सिस्का रेयेस-आकिनो यांनी गावोगाव फिरून लोकनृत्यं टिपून घेतली, शाळांच्या खेळाच्या तासात ती शिरली. बायानिहान या नृत्यमंडळीने १९५८ मध्ये ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात फिलिपाइन्सची लोकनृत्यं नेली. विनोबा आणि बाबा आमटे यांच्यामुळे आपल्याला ठाऊक असलेला मॅगसेसे पुरस्कार १९६५ मध्ये बायानिहानलाही मिळाला. लेतेच्या शेतातच राहिला असता तर तिनिक्लिंगचं नाव तुम्ही ऐकलं असतं का?

नसतं ऐकलं. हे मी मान्य करतो. आणि उत्सव १९८७ चा आहे म्हणून खोटा, हा विरोधकांचा मुद्दा तर मला अजिबात पटत नाही. वेल्समध्ये कवींचा जो थाटाचा दरबार भरतो त्याची कथा पाहा. १७९२ मध्ये लंडनच्या एका टेकडीवर इओलो मोर्गानुग हे टोपणनाव घेतलेल्या पाथरवटाने तो पहिल्यांदा भरवला, आणि प्राचीन परंपरा म्हणून जे सांगितलं त्यातलं बरंच त्याने स्वतः रचलेलं होतं. बनावट म्हणावं तर नखशिखांत बनावट. पण तोच दरबार पुढे वेल्सच्या आइस्टेडफॉड या उत्सवाला जोडला गेला. तिथे सर्वांत मोठा मान म्हणून मिळणारी खुर्ची जुन्या कडक छंदात कविता रचणाऱ्याला मिळते, आणि १९५० पासून उत्सवाचं कामकाज फक्त वेल्श भाषेत चालतं. म्हणजे उत्सव रचलेला, पण बक्षीस खऱ्या कौशल्याला, आणि ते कौशल्य कळणारा श्रोता तयार करण्याची सोय उत्सवातच. जन्मतारखेने काही बिघडत नाही. बक्षीस कशाला देता यावर सगळं ठरतं. ताक्लोबानमध्ये ते एकसारख्या हालचालीला, भपक्याला, पोशाखाच्या खर्चाला मिळत असेल तर पुढच्या वर्षी तेच वाढणार. कुरात्साच्या एका जोडीला अनोळखी वाद्यवृंदासमोर, न बसवलेला नाच नाचायला लावा आणि गुण त्यांना मिळालेल्या ‘गाला’च्या पैशांवरून द्या. रस्ता तोच, ढोल तेच, पण स्पर्धा दुसऱ्याच गोष्टीची होईल.

तिनिक्लिंगचं उत्तरही यातच आहे. त्यात काठ्या आपटणारे दोघे आणि उड्या मारणारे दोघे यांचं नातं मंचावरही सुटू शकत नाही. चुकलात तर घोटा काठ्यांत सापडतो. म्हणून तो ब्रसेल्सला काय, आपल्या एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनात काय, कुठेही तग धरतो. कुरात्सातली देवघेव इतकी कणखर नाही. ती नजरेत आहे, ओळखीत आहे, चेष्टेत आहे. तिला मोठ्या रस्त्यावर नेताना जास्त जपावं लागेल, इतकंच माझं म्हणणं.

आणि आता बासेयच्या बायकांबद्दल, ज्यांच्यावर उत्सवातले कॅमेरे सर्वांत जास्त रोखलेले असतात आणि ज्यांचा हिशोब सर्वांत कमी विचारला जातो. समारमधलं बासेय गाव बानिगसाठी, म्हणजे झोपायच्या चटईसाठी ओळखलं जातं. दलदलीत, भातखाचरांच्या कडेला तिकोग नावाचं लव्हाळ्यासारखं गवत वाढतं. ते कापायचं, उन्हात वाळवायचं, लांबीप्रमाणे निवडायचं, उकळत्या रंगात बुडवायचं, पुन्हा वाळवायचं, लाकडाने दाबून चपटं करायचं. मग जमिनीवर बसून साधी चटई विणायची आणि वरून रंगीत काड्या घालून भरतकाम करायचं: फुलं, चौकडी, मागितलं तर नावंसुद्धा. कोरड्या उन्हात काडी कडक होऊन तुटते, म्हणून विणकाम सकाळी लवकर किंवा सांजवेळी, नाहीतर गावाजवळच्या साओब गुहेत, जिथे हवा गार आणि दमट असते. गुहेत रांगेने बसून विणणाऱ्या बायकांची छायाचित्रं पर्यटनाच्या प्रत्येक माहितीपत्रकात सापडतील. पाहणारा म्हणतो, काय सुंदर! त्या गुहेत का बसल्या आहेत हे त्याला कुणी सांगत नाही. देखाव्यासाठी नव्हे, काडी तुटली तर दिवसाची मजुरी जाते म्हणून.

योलांदाने बासेयही मोडलं. नंतर मदत करणाऱ्या संस्था आल्या, शहरातले रचनाकार आले, आणि बानिगच्या पर्सा, चपला, लॅपटॉपच्या पिशव्या झाल्या. यावर शुद्धतावादी तुटून पडतात: बाजाराने परंपरा बाटवली. या टीकेत तथ्य आहे. पर्स शिवायला चटई कापावी लागते. मोठी नक्षी नकोशी होते, रंगांची मागणी दुकानातून येते आणि पूर्ण चटई भरण्याचं कौशल्य वापरात न राहिल्याने पुढची मुलगी ते शिकत नाही. पण टीका करणाऱ्याने मग चटई विकत घ्यावी. आज समारमध्येसुद्धा गादीवर झोपणारं घर वाढतंय; बानिग अंथरणारा माणूस कमी झाला तर विणणारी कुणासाठी विणेल? पर्स घेणारी मनिलाची मुलगी वाईट गिऱ्हाईक नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा विणणारी आणि ती यांच्यामध्ये इतके हात येतात की कुणी कुणाला ओळखत नाही, आणि दर ठरवताना गुहेतल्या बाईला कुणी विचारत नाही. तिकोग कुठे वाढतं, ती दलदल कुणाची, ती भरून घरं बांधली तर गवत कुठून आणायचं, हे प्रश्न उत्सवाच्या बैठकीत यायला हवेत. फिलिपाइन्सने १९९२ मध्ये कायदा करून लोककलेतल्या थोर कारागिरांना राष्ट्रीय सन्मान आणि आयुष्यभराचं मानधन द्यायला सुरुवात केली. २००४ मध्ये तो दक्षिणेकडच्या तावी-तावी प्रांतातल्या हाजा आमिना आप्पी यांना मिळाला, आणि तो चटया विणण्यासाठीच. म्हणजे चटई ही कला आहे हे राज्याने मान्य केलेलं आहे, त्या कलेला पैसा आणि शिष्य लागतात हेही मान्य केलेलं आहे. बासेयच्या बायकांचं कौतुक करताना हा निकष कुठे जातो?

‘पोटाला नाही आणि कलेच्या गप्पा?’ असं विचारणारे भेटतात. पूर्व बिसाया हा देशातल्या गरीब भागांपैकी एक आहे, हे खरंच. पण हा प्रश्न नेहमी विणणारीलाच का विचारला जातो? समारच्या टोकाला गीवानचं जुनं दगडी चर्च आहे, आत शिंपल्यांची अप्रतिम सजावट. योलांदात ते ढासळलं तेव्हा त्याच्या जीर्णोद्धारासाठी पैसा उभा राहिला, आणि राहायलाच हवा होता. त्यावर कुणी चैन म्हणून बोट ठेवलं नाही. शिंपले भिंतीत लावणाऱ्या हातांचं मोल दोनशे वर्षांनी कळतं आणि काडी विणणाऱ्या हातांचं आज कळत नाही, ही गरिबीची अडचण नव्हे.

सगळ्यात शेवटी भाषा, कारण जोडीदाराला उत्तर द्यायचं तर शब्द हवेत. इथला इतिहास मला अस्वस्थ करतो. ज्या रोमुआल्देस यांनी पहिलं वाराय झार्झुएला लिहिलं, त्यांनीच १९०९ मध्ये समार-लेतेच्या भाषेसाठी सांघिरान ही अकादमी स्थापली. आणि त्यांनीच १९३६ मध्ये राष्ट्रभाषा संस्थेचा कायदा लिहिला. त्या संस्थेचे पहिले अध्यक्ष हाय्मे दे वेय्रा लेतेतल्या तानावानचे, म्हणजे तेही वाराय. याच संस्थेने १९३७ मध्ये मनिला परिसरातली तागालोग भाषा राष्ट्रभाषेचा पाया व्हावी अशी शिफारस केली. आपल्या भाषेवर जीव असलेल्या दोन माणसांनी देशासाठी दुसऱ्याची भाषा पुढे केली. त्यांना दोष देता येणार नाही. इंग्रजीसमोर एखादी देशी भाषा उभी राहावी ही तेव्हाची निकड होती. पण त्यानंतरही वाराय मुलाला शाळेत आपली भाषा फारशी ऐकू आली नाही. २०१२ पासून पहिल्या काही इयत्तांत मातृभाषेतून शिक्षण सुरू झालं आणि सुरुवातीच्या बारा भाषांत वाराय होती. पुस्तकं अपुरी, शिक्षक अप्रशिक्षित, शहरी वर्गांत चार भाषांची मुलं, आईबापांना परदेशी नोकरीसाठी इंग्रजीची ओढ: तक्रारी सगळ्या खऱ्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवायच अमलात आलेल्या कायद्याने ही सक्ती काढली. आता एका भाषेच्या वर्गातच मातृभाषेतून शिकवता येईल, तेही त्या भाषेचं मान्य लेखननियम, शब्दकोश, व्याकरण, साहित्य आणि शिकवणारे शिक्षक असतील तर.

तक्रारी खऱ्या असल्या तरी उपाय चुकला, असं माझं ठाम मत आहे. पुस्तकं कमी पडली तर पुस्तकं वाढवायची असतात. पण या कायद्याने नकळत एक गोष्ट उघडी केली. ज्या अटी त्याने घातल्या, त्यातली शब्दकोशाची आणि साहित्याची अट पुरी करणारे लोक समार-लेतेत आधीच कामाला लागलेले आहेत. व्होल्तेर ओयझोन सिदाय लिहितात आणि वाराय शब्दांचा संगणकीय संग्रहही उभा करतात. लामिराव कार्यशाळेत तरुण मुलं आपल्या भाषेत लिहिलेलं एकमेकांसमोर वाचतात आणि त्यावर भांडतात. ही मंडळी शाळेच्या दारात उभी आहेत आणि त्यांना आत घ्यायला लागणारा खर्च रस्त्यावरच्या उत्सवाच्या मानाने फार मोठा नाही. उत्सव भरवणाऱ्या नगरपालिकांनी त्यांची पुस्तकं छापून प्रत्येक शाळेत पाठवावीत. जूनमधल्या एका संध्याकाळी ढोल थांबवून दोन माणसांना समोरासमोर बसवावं आणि वाराय भाषेत बिकल भांडायला लावावं. मांडवात बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीला समजतं का, ती हसते का, तिला मध्येच बोलावंसं वाटतं का, हे परीक्षकांनी पाहावं आणि बासेयला दिलेल्या चटयांच्या मागणीचा दर त्या संध्याकाळच्या आधी विणणाऱ्या बायकांशी बसून ठरवावा.